तेरा वर्षांचा हवालदार

इंग्रज हा देश सोडून जाणार असं जवळजवळ नक्की झालं, त्या साली नाथाजी घाडगे इंग्रजी शिकायला बसला. सन सेहेचाळीसचा जून. वय सत्तावीस, मिशा पलटणी, घरात बायको आणि पाच वर्षांची पोर. डोक्यावरचे निम्मे केस आफ्रिकेत लोखंडी टोपीखाली गेले होते, उरलेले इटलीत. असा इसम दप्तर काखेत मारून पोरांच्या घोळक्यातून शाळेला निघाला, तेव्हा वाडीतल्या लोकांना वाटलं, पोरीला पोचवायला चाललाय. पण पोर घरीच होती. दप्तर बापाचं होतं.

वाडी उंब्रजपासून दोन कोसांवर. दाढी करायला न्हाव्यापुढं बसलेला त्याचा भाऊबंद हरिबा अर्ध्या फेसातूनच ओरडला, "आरं नाथा, साह्यब निघाला बोटीत बसाया, आन् तू आता त्येची भाषा शिकतूस? बोलणार कुणासंगं रं गड्या?"

"साह्यब जाईल हरिबा," नाथाजी म्हणाला, "त्येचा फारम कुटं जातूय?"

हे उत्तर त्यानं रात्रभर घोकून ठेवलं असावं, कारण एरवी तो इतकं लांबलचक बोलत नसे. चार वर्षं तो पलटणीच्या रसद-गोदामात होता. तिथं बोलण्याचं काम साहेब करत आणि ऐकण्याचं नाथाजी.

फारम, म्हणजे अर्ज, होता तो कालव्याच्या ऑफिसातल्या कारकुनाच्या जागेचा. परतलेल्या शिपायांसाठी एक जागा राखून ठेवलेली होती. अट अशी, की मराठी सातवी पाहिजे आणि वर इंग्रजी तीन इयत्ता. मराठी सातवी नाथाजी पलटणीत जाण्याआधीच पास झाला होता. इंग्रजी राहिली. सोल्जर बोर्डातल्या बाबूनं सांगितलं, पुढच्या जूनपर्यंत सर्टिफिकेट आणलंत तर तुमचा विचार होईल. नाही तर तुमची जुनी पलटण आहेच, ती परत घ्यायला तयार आहे.

पलटण परत घ्यायला तयार होती, हीच अडचण होती. नाथाजी लढाईवरून घरी आला तेव्हा त्याची पोर, अंबू, दारात उभी होती. तिनं त्याला नीट निरखलं आणि आत तोंड करून ओरडली, "आये, कुणीतरी मामा आल्यात!" तिच्या जन्माच्या वेळी तो बोटीवर होता. त्या दिवशी नाथाजीनं बायकोला, अंजनाला, शब्द दिला की आता घर सोडून जायचं नाही. रान होतं, पण ते चार भावांत, आणि तो चौथा. म्हणजे शब्द पाळायचा तर कालव्याचीच नोकरी हवी होती, आणि नोकरी हवी तर इंग्रजी.

उंब्रजच्या एका खाजगी इंग्रजी शाळेत त्याला तिसरीच्या वर्गात बसण्याची परवानगी मिळाली, तीही फक्त इंग्रजीच्या तासाला. वर्गात एकतीस मुलं, सगळी बारा-तेराची. इंग्रजी शिकवायला धन्यकुमार मगदूम. हे सांगलीकडचे जैन, गोरेपान, काळा कोट, वीस वर्षं इंग्रजीच शिकवत आलेले. त्यांचं इंग्रजी व्याकरण इतकं पक्कं होतं, की इंग्रजांचंही तेवढं नसेल. पण त्या वीस वर्षांत ते एकाही इंग्रजाशी बोलले नव्हते. एकदा मिरज स्टेशनवर त्यांनी एक इंग्रज पाहिला होता. पाठमोरा.

साहजिकच पहिल्या दिवशी दोघेही घाबरलेले होते. मास्तरांना वाटत होतं, हा माणूस खऱ्या साहेबांत राहून आलाय, आपले उच्चार पकडणार. नाथाजीला वाटत होतं, आपल्याला इंग्रजी येत नाही हे आता मास्तर पकडणार. पलटणीत रोमन लिपीत हिंदुस्थानी शिकवत, त्यामुळे ए बी सी डी त्याला चांगली येत होती; पण कागद वाचायला घेतला की त्यातून हिंदुस्थानीच बाहेर पडायची.

आणखी पेच म्हणजे हाक कशी मारायची. वर्गात सगळ्यांना 'तू'. या मिशांना 'तू' म्हणवेना, आणि पोरांदेखत विद्यार्थ्याला 'घाडगेसाहेब' म्हणणं बरं दिसेना. मास्तरांनी चष्मा पुसला.

"हवालदार, उठा."

नाथाजी वास्तविक नाईक होता. पण साहेबानं दिलेली बढती नाकारण्याची त्याला सवय नव्हती. तो ताडकन उभा राहिला, टाचा खाडकन जुळल्या, आणि त्या आवाजासरशी सगळा वर्ग उभा राहिला.

"इंग्रजीत एखादं वाक्य बोलून दाखवा."

नाथाजीला एकच वाक्य पाठ होतं. गोदामातला सार्जंट ते रोज सकाळी म्हणायचा. नाथाजीनं ते खणखणीत आवाजात म्हटलं. त्यात पाच शब्द होते आणि त्यांतले दोन शिव्या होत्या. पोरांना अर्थ कळला नाही, पण जात कळली. मधल्या सुट्टीपर्यंत ते वाक्य शाळाभर झालं. त्यानंतर मगदूम मास्तरांनी हवालदारांना बोलून दाखवायला पुन्हा कधी सांगितलं नाही.

त्याच्या बाकावर लालासाहेब नावाचा तेरा वर्षांचा पोरगा बसायचा. पहिल्याच आठवड्यात त्यानं नाथाजीची वही पाहिली आणि कळवळून म्हणाला, "दादा, तुमी लय जोरात लिवता. पान फाटतंय. निब हाय ती, संगीन न्हाई." नाथाजीनं मान हलवली आणि हळू लिहायला सुरुवात केली. सांगितलं की तो करायचा.

मास्तरांची पद्धत साधी होती. वर्षाला ते अकरा निबंध सांगत, मुलं ते उतरवून घेत, पाठ करत, आणि परीक्षेत त्यांतलाच एक येई. निबंध त्यांनी स्वतः सन एकतीसमध्ये लिहिले होते आणि तेव्हापासून त्यांत बदल करण्याचं कारण पडलं नव्हतं. पहिला गाईवर, दुसरा नदीवर असं करत सातवा होता 'इंग्रजीतील माझी प्रगती' या विषयावर. तो दिवाळीच्या आधी सांगितला जाई, कारण तोपर्यंत कुणाचीच प्रगती झालेली नसे.

त्याचा मराठी तर्जुमा साधारण असा: मी तेरा वर्षांचा मुलगा आहे. पहाटे माझी आई मला प्रेमाने हाक मारते, माझे केस विंचरते आणि मला दुधाचा पेला देते. नंतर मी इंग्रजीच्या अभ्यासास बसतो. जून महिन्यात इंग्रजी मला रानातल्या वाघासारखी वाटत असे. आता ती दावणीच्या गाईसारखी झाली आहे. या प्रगतीचे सर्व श्रेय माझ्या गुरुजींस आहे.

शेवटचं वाक्य मास्तर दोनदा सांगत, कुणाचं सुटू नये म्हणून.

नाथाजीनं निबंध उतरवून घेतला आणि पाठ करायला लागला. जाता-येता दोन कोस, पावलाला एक शब्द. घरी वैरण तोडताना, म्हशीला पाणी दाखवताना तेच चालू. अंजना भाकरी थापत ऐकायची. पंधरा दिवसांत तिलाही पाठ झाला. तो अडला की ती चुलीपुढून पुढचा शब्द पुरवायची. तिला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. त्याला कळत होतं, पण तिकडं त्याचं लक्ष नव्हतं. कवायतीचा हुकूम म्हणजे काय याचा शिपाई विचार करत बसला तर पाय चुकतो.

एकदा तिनं विचारलं, "आवं, ह्ये मदर-मदर सारकं येतंय, त्ये काय?"

"आई."

"कुणाची?"

नाथाजी थांबला. त्याची आई पटकीत गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. "निबंधातली," तो म्हणाला, आणि पुढच्या वाक्याला लागला.

मात्र वर्गात बसून बसून एक फरक पडत होता, आणि तो कुठल्याच निबंधात नव्हता. दुकानावरच्या पाट्या, रॉकेलच्या डब्यावरचा मजकूर, मोटारीच्या बॉनेटवरचं नाव, असं काहीबाही आपोआप वाचलं जायला लागलं. मग जानेवारीत त्यानं ट्रंकेतून पलटणीचं डिस्चार्ज-पुस्तक काढलं. त्यात शेवटच्या पानावर त्याच्या कॅप्टनसाहेबानं शाईनं तीन वाक्यं लिहिली होती. वर्षभर ते पुस्तक तो जपून वागवत होता, पण आपल्याबद्दल काय लिहिलंय हे त्याला ठाऊक नव्हतं. पलटणीतल्या बाबूला विचारलं होतं, तर तो म्हणाला, "अच्छा लिखा है." बाबू सगळ्यांनाच तसं सांगायचा.

मास्तरांकडून डिक्शनरी मागून आणून तो बसला. तीन वाक्यांना चार दिवस लागले. पहिलं निघालं: विश्वासू माणूस. दुसरं: एकदा सांगितलं की पुन्हा सांगावं लागत नाही. नाथाजी बराच वेळ त्या पानाकडं बघत राहिला. ज्या साहेबानं चार वर्षांत त्याला नावानं हाक मारली नव्हती, त्यानं त्याला पाहिलं होतं तर.

तिसरं निघालं: न सांगता काही करीत नाही.

ते त्यानं पुन्हा पुन्हा लावून पाहिलं. दर वेळी तेच निघालं. दुसऱ्या दिवशी पुस्तक घेऊन तो मास्तरांकडं गेला.

"मास्तर, ह्ये तिसरं. स्तुतीच हाय न्हवं?"

मगदूम मास्तरांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "स्तुतीच," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "लष्करात."

एप्रिलात परीक्षा झाली. निबंध आला सातवा. बत्तीस विद्यार्थ्यांनी बत्तीस वह्यांत लिहिलं की आपण तेरा वर्षांचे आहोत आणि इंग्रजी दावणीच्या गाईसारखी झाली आहे. मास्तरांनी सगळ्यांना दहापैकी नऊ दिले. दहावा गुण ते कुणालाच देत नसत. स्वतःच्या निबंधालाही नाही. नाथाजी पास झाला. सर्टिफिकेट मिळालं, अर्ज गेला, आणि मे महिन्यात बोलावणं आलं, साताऱ्याला.

साताऱ्याच्या ऑफिसात इंजिनियरसाहेब होते. मराठीच, पण सूट घातलेले, किरकोळ अंगाचे, आवाज बारीक. त्यांनी सर्टिफिकेट पाहिलं, मग नाथाजीकडं पाहिलं.

"गेल्याच महिन्यातलं आहे हे. या वयात शाळेत बसलात? शाबास. मग असं करा, वर्षभरात इंग्रजीत काय प्रगती केलीत ते लिहून दाखवा. इंग्रजीतच."

नाथाजीचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. सात नंबर! त्यानं मनातल्या मनात मगदूम मास्तरांना नमस्कार केला आणि लिहायला सुरुवात केली. हात हलका, पान न फाडता, समास सोडून. दहा मिनिटांत एकही खाडाखोड न करता कागद साहेबांपुढं ठेवला आणि टाचा जुळवल्या.

साहेबांनी वाचलं. पुन्हा पहिल्या ओळीवर गेले.

"तुमचं वय काय?"

"अठ्ठावीस, साहेब."

"इथं तेरा आहे."

नाथाजीनं टाचा पुन्हा जुळवल्या.

"आई रोज केस विंचरतात?" असं म्हणत साहेबांनी वर त्याच्या डोक्याकडं पाहिलं, आणि सभ्य गृहस्थ असल्यामुळे लगेच नजर कागदावर आणली. "आई आहेत ना?"

समोर साहेब, टेबल, आणि उलटतपासणी. नाथाजीची जीभ चार वर्षं मागं गेली.

"नो सर. मदर फिनिश, सर. नाइन्टीन ट्वेंटी-एट, सर. कॉलरा, सर."

आपण दिवाळीपासून दोन कोस जाताना आणि दोन कोस येताना काय म्हणत होतो, ते नाथाजीला त्या क्षणी पहिल्यांदा ऐकू आलं.

"मग हे काय आहे?" साहेबांनी कागद उचलून विचारलं.

"निबंध, साहेब."

"कुणाचा?"

खरं सांगितलं तर मास्तरांवर येणार. खोटं सांगितलं तर नोकरीवर. नाथाजीनं दोन्हींच्या मधलं एक शोधून काढलं.

"माझाच, साहेब. पाठ मी केलाय."

साहेबांनी डिस्चार्ज-पुस्तक ओढून घेतलं, शेवटचं पान काढलं आणि तिसऱ्या वाक्याखाली बोट ठेवलं. "याचा अर्थ ठाऊक आहे?"

"हाय, साहेब. जानेवारीत कळला."

"कालव्यावर," साहेब म्हणाले, "एकटं राहावं लागतं. पाणी फुटलं तर वर रिपोर्ट लिहायचा. तो आधी कुणी सांगून ठेवलेला नसतो." त्यांनी एक कोरा कागद पुढं सरकवला. "आता हेच लिहा. कुणी न सांगता. अर्धा तास."

कुणी न सांगता लिहा, असा हुकूम. असला हुकूम नाथाजीला पलटणीत कधी मिळाला नव्हता. तो व्हरांड्यात बाकावर बसला. दहा मिनिटं गेली. आत टाइपरायटर खडखडत होता. शेजारी बसलेला दुसरा उमेदवार पान खाऊन झाल्यावर म्हणाला, "येत नसंल तर उठावं, पाहुणं. मोटार मिळंल." नाथाजीला सात नंबरच आठवत होता, तो बाजूला सारला की सहा नंबर येत होता, पोस्टमनचा. अंबूची आठवण झाली. ती आता त्याला मामा म्हणत नव्हती. सकाळी ती त्याच्या मिशा ओढून त्याला उठवायची.

मग त्यानं लिहिलं. त्याचं सार असं:

माझं वय अठ्ठावीस. आई नाही. सकाळी मला माझी मुलगी उठवते. पलटणीत साहेब ओरडला म्हणजे मला इंग्रजी कळे. आता ती ओरडत नाही, कागदावर गप्प असते, तरी थोडी कळते. जूनमध्ये वर्गात मला लाज वाटत होती. दिवाळीनंतर वाटली नाही, का ते माहीत नाही. जानेवारीत मी माझ्याबद्दल लिहिलेलं वाचलं. तिसरं वाक्य खरं आहे. मी पहिला कागद लिहिला, त्यावरून खरं आहे. माझे मास्तर चांगले आहेत. ते मला अहो म्हणतात.

साहेबांनी तांबडी पेन्सिल घेतली. पहिल्या कागदावर एकही खूण नव्हती. दुसऱ्यावर बारा झाल्या. त्यांनी पहिला कागद नाथाजीला परत दिला आणि बारा खुणांचा फायलीला लावला.

"हुकूम आला तर पंधरा दिवसांत येईल," ते म्हणाले. "नाही आला तर येणार नाही." यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं.

घरी पोचला तेव्हा अंजना दारातच होती.

"काय इचारलं?"

"सात लंबर."

"आगं बया! मग झालंच की! लिवला न्हवं समदा? वाघ-गाय समदं?"

"लिवला. मग त्येनी दुसरा लिवाया लावला."

"दुसरा कुणी सांगितला?"

"कुणीच न्हाई. माजा मीच."

अंजना खाली बसली. "आवं, मग चुकला आसंल की!"

"बारा जागी," नाथाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो मास्तरांकडं गेला आणि झालं ते सगळं सांगितलं. मगदूम मास्तर ऐकत राहिले. त्यांचे गोरे कान हळूहळू लाल होत गेले.

"माझं नाव सांगितलंत?"

"न्हाई, मास्तर."

"हं." चष्मा निघाला, पुसला गेला. "तो दुसरा आठवतो तुम्हाला? म्हणून दाखवा."

नाथाजीनं उभं राहून म्हटला. पाठ केलेला नसूनही सबंध आठवत होता. मास्तर बोटांवर काहीतरी मोजत होते. शेवटच्या वाक्याला, अहोच्या, त्यांचं मोजणं चुकल्यासारखं वाटलं. त्यांनी ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं.

"चौदा," ते अखेर म्हणाले. "चौदा चुका आहेत. त्यांना दोन दिसल्या नाहीत." आणि वीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या माणसाचा ताठा त्यांच्या मानेत परत आला.

अकराव्या दिवशी हुकूम आला. कालव्याच्या ऑफिसात कारकून, घरापासून सायकलनं पाऊण तास. हरिबाला कळलं तेव्हा तो म्हणाला, "म्हंजी फारम ऱ्हायला म्हणायचा!" आणि ही गोष्ट स्वतःच आधी सांगितल्यासारखा वाडीभर सांगत सुटला. अंजनानं सात नंबर विसरायला वर्ष घेतलं. भाकरी थापताना तो तिच्या तोंडून अधूनमधून निघायचाच.

जूनअखेर शाळेतून एक दाखला आणायचा राहिला होता म्हणून नाथाजी उंब्रजला गेला. नव्या तिसरीच्या वर्गात मास्तर निबंध सांगत होते. दिवाळीला अवकाश होता, तरी या साली सातवाच आधी काढला होता. नाथाजी खिडकीशी थांबला.

"मी," मास्तर सांगत होते, "अमुक वर्षांचा मुलगा आहे. अमुक लिहू नका रे गाढवांनो. जागा सोडा. ज्याचं वय त्यानं घालायचं."

"किती जागा सोडू, मास्तर?" पुढच्या बाकावरून आवाज आला.

"दोन आकडे मावतील एवढी. पुढं. सकाळी मला... इथंही जागा सोडा. कोण उठवतं ते ज्यानं त्यानं लिहायचं."

"मास्तर, मला कुणीच उठवत न्हाई. मी आपला उठतो."

"मग तसं लिही."

"इंग्रजीत कसं लिवायचं?"

मास्तरांनी चष्मा पुसला. वीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. मग ते खडू घेऊन फळ्याकडं वळले, आणि वळता वळता त्यांना खिडकीत मिशा दिसल्या.

"हवालदार, आत या. बसा," ते म्हणाले. "तास चालू आहे."

नाथाजी आत जाऊन शेवटच्या बाकावर बसला. तासभर एकेकाचं वाक्य फळ्यावर जुळवणं चाललं. वाघ आणि गाय दोघंही त्यात गळाले. शेवटचं वाक्य मात्र मास्तरांनी पूर्वीचंच ठेवलं, आणि दोनदा सांगितलं.